फॉरमॅट हे नाव मी ठेवलं

ही गोष्ट सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. मंडळाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला की मी गावच्या शिमग्यावर काहीतरी लिहून द्यायचो आणि सुटायचो. नातवंडं विचारायची, "आजोबा, बोरिवलीच्या आजोबांना सगळे फॉरमॅट का म्हणतात?" मी म्हणायचो, "त्यांनाच विचारा." ती विचारायची नाहीत, कारण त्या माणसाचा चेहरा बघून कुणालाच तो प्रश्न विचारवत नसे.

तो माझा चुलतभाऊ. माझ्याहून बराच धाकटा. ते नाव मी ठेवलं, आणि ते त्याला चिकटावं म्हणून मेहनतही घेतली.

आधी माझा राग सांगतो, कारण तो अजून गेलेला नाही.

आमचं गाव रत्नागिरीकडचं. मुंबईत आलेल्या गावकऱ्यांचं आमचं मंडळ आहे. महिन्यातल्या एका रविवारी भांडुपच्या एका शाळेच्या वर्गात सभा भरते. मोठमोठी पोटं सुटलेली माणसं चौथीच्या बाकड्यांत अडकून बसतात आणि गावचा रस्ता, देवळाचा पत्रा, कुणाचं लग्न, कुणाचं भांडण सगळं तिथे ठरतं. आणि ठरतं ते नमन. शिमग्याला गावात आणि पुढे कधीतरी मुंबईत एखाद्या हॉलमध्ये आम्ही नमन करतो. आधी देवाचं गाणं, मग गवळण, मग सोंगं. पुढे गाणारा एक, मागे टाळकरी आणि मृदंग.

मृदंग माझा. तरुणपणापासून माझाच. पुढे गाणारे माझे काका, म्हणजे या चुलतभावाचे वडील. काका गेले, दुसरे गाणारे आले, पण मृदंगावर मीच. मग मला आजार झाला. बरा झालो, पण डाव्या हातात थरथर राहिली. एका सभेत चुलतभाऊ उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण आता हात चुकतो. गाणारे तुला सांभाळून घेतात. मृदंग दुसऱ्याकडे देऊया. तू पुढे बस, ऐक."

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "दादा, आता टाळ घ्या! नायतर टाळ्या वाजवा!"

वर्ग हसला. चुलतभाऊही हसला. तोंडावर हात धरून, पण हसला. मी बघितलं.

हात चुकत होता हे खरं होतं. घरी एकटा वाजवायचो तेव्हा मला ते ऐकू यायचं. पण घरी येऊन माझ्याशी बोलला असता तर मी स्वतः मृदंग खाली ठेवला असता. त्याने ते वर्गात केलं, चौथीच्या बाकड्यांसमोर, मला पोरासारखं उभं करून. त्या दिवशी कोण कोण हसलं ते मला आजही सांगता येईल. त्यातले काही गेले. त्यांच्या मयताला मी गेलो, खांदा दिला, आणि खांदा देतानाही मला त्यांचं हसणं आठवत होतं.

मी नोकरी केली मरोळच्या एका छापखान्यात. छपाईसाठी चित्रांचे मोठे फोटो काढणारा कॅमेरा असतो, त्यावर. त्यामुळे व्हिडिओ कॅमेरा आला तेव्हा मंडळात तो माझ्याच हातात आला. नमनं, लग्नं, गावची पालखी, म्हातारी माणसं, सगळं मी टेपवर घेतलं. रिटायर झाल्यावर त्या टेपा बसून संगणकावर चढवल्या. संगणक जोडून घेतलेला होता, मोठा डबा. त्यात मी दोन जादा हार्ड डिस्क बसवून घेतल्या. मंडळाचं सगळं त्या दोन डिस्कवर. टेपांना तोवर बुरशी आली होती. चढवून झालं तसं त्या फेकल्या.

त्यात काकांचं एक नमन होतं. त्यांचा गातानाचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

मृदंग गेल्यानंतर काही महिन्यांनी मंडळाने ठरवलं, वार्षिक कार्यक्रमात जुनं नमन पडद्यावर दाखवायचं. काकू अजून होती, चुलतभावाकडे बोरिवलीला. तिला पुढच्या रांगेत बसवायचं आणि काकांचं गाणं लावायचं, असं ठरलं. माझा संगणक तेव्हा इतका मंदावला होता की व्हिडिओ लावला की काका एका शब्दावर अडकून बसायचे.

चुलतभाऊ म्हणाला, "दादा, मी येतो. विंडोजची डिस्क फॉरमॅट करतो, म्हणजे पुसून कोरी, आणि विंडोज नवीन टाकतो. झकास पळेल."

तो एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात होता. संगणक त्याचा तो शिकला होता. मंडळातल्या सगळ्यांचे संगणक तोच दुरुस्त करायचा, चहावर. मला नको होतं त्याने यावं. पण नाही म्हटलं असतं तर मी रुसलोय असं झालं असतं.

आला. डबा उघडला, रंगाच्या ब्रशने धूळ झाडली, मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. वायरी इकडेतिकडे केल्या. मग विंडोज टाकायला घेतलं. मी मागे खुर्चीत. पडद्यावर एकाखाली एक ओळी आल्या, डिस्कच्या एकेका भागाची एक. त्याने त्या एकेक करून पुसल्या आणि पुढे गेला. बायकोने थालीपीठ केलं होतं. खाताना तो हिच्याशी गप्पा मारत होता, वहिनी हे आणि वहिनी ते. माझ्याशी जपून बोलत होता.

विंडोज चढलं. नवीन, स्वच्छ. त्याने आत जाऊन बघितलं. सी ड्राइव्ह होता. बाकी काही नव्हतं.

"दादा, तुझ्या दोन डिस्क कुठेत?"

"कुठेत म्हणजे? आत आहेत."

"दिसत नाहीत." त्याने बंद करून पुन्हा चालू केला. दिसल्या नाहीत. त्याच्या कपाळावर घाम आला. "मी मघाशी ओळी पुसल्या ना... त्या सगळ्या पहिल्या डिस्कच्याच होत्या ना रे? मला वाटलं..."

"तुला वाटलं?"

"थांब, दादा, डबा उघडू दे. वायर बघतो एकदा."

तो स्क्रू ड्रायव्हर उचलायला वाकला आणि मी त्याचा हात धरला. इथपर्यंत माझ्या मनात कपट नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. मी घाबरलो होतो. मला वाटलं, अजून काही राहिलं असेल तर तेही हा घालवेल.

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "पुसलंस ते पुसलंस. ऊठ."

"दादा, एकदा..."

"चुकतो हात, तर बाजूला व्हावं माणसाने."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मला काय गोड लागलं ते मी लपवणार नाही. तो उभा राहिला. चप्पल घालताना त्याचा पाय दोनदा चुकला. हिने डब्यात भरून दिलेलं थालीपीठ तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणक सुरू केला. काहीतरी कमी वाटत होतं. आयुष्यभर मशिनींत काढलेल्या माणसाला मशीन कानाने कळतं. त्या डब्याचा आवाज मला पाठ होता. पंखा, आणि पंख्याखाली डिस्कची गुणगुण. आज पंखा होता, गुणगुण जेमतेम होती. एकच डिस्क फिरत होती.

बंद केला, डबा उघडला. दोन्ही जादा डिस्कना वीज एकाच वायरीवरून जायची. पुढे त्या वायरीला दोन तोंडं होती. ती जिथे मुख्य वायरीला जोडली होती तिथला प्लग अर्धा बाहेर आला होता. ब्रशने धूळ झाडताना धक्का लागला असणार. म्हणजे विंडोज टाकताना या डिस्क चालूच नव्हत्या. त्याने पुसल्या त्या ओळी जुन्या विंडोजच्या डिस्कच्या होत्या. माझ्या डिस्कना त्याचा हात लागलाच नव्हता.

प्लग दाबला. टक् असा आवाज झाला. संगणक चालू केला आणि गुणगुण आली.

एक डिस्क लगेच दिसली. दुसरी दिसेना. मग मी डिस्कची यादी जिथे असते तिथे गेलो. ती तिथे होती, ठणठणीत, फक्त नव्या विंडोजने तिला डी, ई असं ड्राइव्हचं अक्षर दिलं नव्हतं. उजवं बटण दाबून अक्षर दिलं. फोल्डर उघडले. सगळं होतं. पालखी, लग्नं, सोंगं. काकांचं नमन लावलं. नव्या विंडोजवर ते कुठे अडकलं नाही. अंगणात काका उभे, एक हात कानाशी, आणि मागे मृदंगावर मी, काळ्या केसांचा, दोन्ही हात सरळ.

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काकांचा आवाज ना हा? सापडलं?"

"सापडलं."

"मग त्याला फोन करा ना आधी. रात्रभर झोपला नसेल तो."

"करतो," मी म्हटलं.

फोन टेबलावरच होता. मी तो उचलला नाही. डोळ्यांपुढे तो वर्ग आला, तोंडावर धरलेला त्याचा हात आला. मला वाटलं, राहू दे दोन दिवस. कळू दे त्यालाही, हात चुकला म्हणजे माणूस काय होतो. काकांचं गाणं मध्येच बंद केलं, संगणक बंद केला, आणि तोच प्लग मी स्वतःच्या हाताने उपसला. मग दोन्ही डिस्क काढल्या, जुन्या टॉवेलात गुंडाळल्या आणि माझ्या कपाटात कपड्यांखाली ठेवल्या.

दोन दिवसांचे किती झाले ते मोजायची मला लाज वाटते.

तो रोज फोन करायचा. "दादा, अंधेरीला एकजण आहे, गेलेला डेटा काढून देतो. डिस्क दे ना मला, मी नेतो."

"आता तुझ्या हातात काही देणार नाही."

"मग तू चल बरोबर. मी लांब उभा राहतो."

"बघू."

पुढच्या सभेत मी उभा राहिलो आणि शांत आवाजात सांगितलं की मंडळाचं सगळं गेलं. कसं गेलं तेही सांगितलं. खोटं मी एकच बोललो, बाकी सगळं जसं घडलं तसं. मग मागे वळून म्हटलं, "आता ह्याला घरी बोलवाल तर मोबाईल लपवून ठेवा. फॉरमॅट आहे हा."

वर्ग हसला. तोच वर्ग, तीच बाकडी. मला वाटलं होतं, हसू ऐकून पोट भरेल. भरलंही. घरी जाऊन मी दोन वेळा वाढून घेतलं.

नाव चिकटलं. "आला रे फॉरमॅट!" "ए फॉरमॅट, पेनड्राइव्हकडे बघू नको, रिकामा होईल!" कुणी त्याला संगणक दाखवेनासं झालं. त्याच्या मुलाच्या लग्नात माईकवर कोणीतरी म्हणालं, "व्हिडिओवाल्यांना विनंती आहे, वरपित्यापासून लांब राहा." नवरीकडच्यांना काही कळलं नाही, तेही हसले. तो मान खाली घालून अक्षता गोळा करत राहिला. मी पुढच्या खुर्चीत होतो. खरं सांगायचं तर त्या दिवशीही मला बरं वाटलं.

पण त्याआधी नारळाचा दिवस आला.

आमच्यात एखाद्यावर बोल आला की तो देवासमोर ठेवतात. गावात देवळात, मुंबईत वर्गातल्या टेबलावर देवीचा फोटो मांडून. मंडळातल्या वडीलधाऱ्यांनी चुलतभावाला विचारलं, "मुद्दाम केलंस की चुकून?"

"चुकून."

"मग ठेव नारळ. तिच्यासमोर सांग, आणि विषय संपव."

त्याने नारळ ठेवला. गावचे मानकरी उभे राहिले आणि गाऱ्हाणं घालायला लागले. गाऱ्हाण्यात प्रत्येक बोलाला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं.

"बा देवी, ह्या तुज्या लेकराकडनं काय चूकभूल झाली असंल ती पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या बापाचं गाणं त्याच्याच हातनं गेलं, ह्याच्यापरीस मोठी शिक्षा नाय, ती तू जाणतंस."

"व्हय म्हाराजा!"

"आन् ह्यात कोणी दुसऱ्यानं मनात कपट ठेवून काय केलं असंल, तर त्याचा निवाडा तूच कर."

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हणालो. सगळ्यांच्या आवाजात माझाही आवाज होता, मोठा, ठणठणीत. चुलतभाऊ हात जोडून रडत होता. मग तो वळला आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. डावा हात. तो थरथरत होता. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला.

ही त्या दिवशी सभेला आली नव्हती. घरी गेल्यावर म्हणाली, "नारळ ठेवला त्याने?"

"ठेवला."

"आणि तुम्ही गप्प राहिलात?"

त्यानंतर ती मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला आली नाही. मला कधी उघडं पाडलं नाही तिने, पण माझ्या कपाटालाही पुन्हा हात लावला नाही. धुतलेले कपडे घडी करून खाटेवर ठेवायची, आत ठेवायचे ते मी.

वार्षिक कार्यक्रम झाला. पडदा लागला नाही. काकूला आणलं होतं, पुढच्या रांगेत बसली होती. कार्यक्रम संपल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"लय दिस झाले रे," ती म्हणाली. "तुज्या काकाचं तोंड डोळ्याम्होरं येतं. आवाज येत नाय. मी लय आठवते, नाय येत. तुज्याकडं कुठं दुसरीकडं नसंल का?"

मला लहानपणी गावाहून मुंबईत आणलं ते या काकूने. शाळेत नाव घातलं ते काकांनी. हे सगळं मला त्या क्षणी आठवत होतं, विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही. आणि तरी मी म्हणालो, "तुझ्या लेकाला विचार, काकू. त्याने पुसलं."

ती म्हणाली, "त्याला नको बोलूस. तो जेवत नाय."

सूड म्हणून मी जे धरून बसलो होतो त्याचा वार त्याच्यावर होता. मध्ये ही म्हातारी आली. तेव्हाही थांबता आलं असतं. दुसऱ्या दिवशी बोरिवलीला जाऊन एकदा ते गाणं लावून दाखवलं असतं, 'अंधेरीच्या माणसाने काढून दिलं' असं खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. ते खोटंसुद्धा माझ्याच्याने निघालं नाही. कारण मग फॉरमॅट हे नाव गळून पडलं असतं, आणि मला ते हवं होतं.

काही वर्षांनी काकू गेली. आवाज न ऐकता गेली.

तिचं कार्य उरकल्यावर काही आठवड्यांनी मी कपाटातून टॉवेल काढला. डिस्क पिशवीत घातल्या. हिने विचारलं, "कुठे?" मी म्हटलं, "बोरिवली." तिने पिशवीत घरच्या लाडवांचा एक डबा ठेवला.

मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं. बसमध्ये, मग रिक्षात, ओठ हलवून म्हणत होतो. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं.

दार त्याने उघडलं. बराच उतरला होता. केस कापले होते आईसाठी, ते अजून नीट वाढले नव्हते. मी बसलो. त्याच्या बायकोने चहा ठेवला. "दादा, किती दिवसांनी," ती म्हणाली आणि आत गेली. पिशवी माझ्या मांडीवर. मी घसा खाकरला.

"बोल ना, दादा."

"एक सांगायचं होतं."

"आधी मी सांगू?" तो म्हणाला. समोरच्या वेताच्या मोड्यावर बसला, अगदी पुढे, गुडघ्यांवर हात ठेवून. "आई जाताना माझ्यावर रागावलेली नव्हती. पण मला तुझ्याकडून ऐकायचंय. तू नारळाच्या दिवशी डोक्यावर हात ठेवलास, पण बोलला नाहीस. मंडळ म्हणतं ते म्हणू दे. मृदंगाचं पण मी चुकीचं बोललो तेव्हा. घरी येऊन बोलायला हवं होतं. हसायला नको होतं मी. त्याचीच शिक्षा मिळाली मला असं वाटतं. दोन्हीसाठी माफ कर ना, दादा."

मला जे हवं होतं ते हेच होतं. इतकी वर्षं याच वाक्यासाठी मी ते सगळं केलं होतं. ते आता समोर होतं, पूर्ण, न मागता. आणि मी माणूस कसा आहे ते मला त्या क्षणी कळलं, कारण ते ऐकून माझं मन आधी निवलं. लाज नंतर आली, आणि तोवर माझं तोंड बोलून मोकळं झालं होतं.

"झालं ते झालं," मी म्हणालो. "केलं माफ."

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. मी लाडवांचा डबा काढून टेबलावर ठेवला, पिशवीचं तोंड आवळलं आणि उठलो. तो खाली गेटपर्यंत आला. रिक्षा थांबवली. म्हणाला, "तू काहीतरी सांगणार होतास ना?"

"काही नाही रे," मी म्हटलं. "सवडीने."

ती सवड मी काढली नाही. आता त्याला दम लागतो, मला जिना उतरवत नाही, आणि फोनवर आम्ही एकमेकांच्या औषधांविषयी बोलतो. त्या दिवशी रिक्षात पाठ करून नेलेलं आणि मोड्यावरच्या त्या माणसासमोर न निघालेलं एवढंच होतं: काकांचं गाणं गेलं नव्हतं रे, मी दडवलं होतं, तुझ्या हातून काहीच चुकलं नव्हतं, मला माफ कर.